हापशाचं डिझाइन वर्गात शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

मोजपट्टी
पदविकेच्या तिसऱ्या वर्षाला मशीन डिझाइन शिकवण्याच्या निमित्ताने हा धागा काढतोय. अभ्यासक्रमात शाफ्ट, गिअर, स्प्रिंग यांची गणितं आहेत. मुलं डेटाबुक उघडतात, सूत्रात आकडे घालतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात. पण हा भार आला कुठून, ही जाडी कुणी ठरवली, वस्तू बिघडली तर कोण आणि कोणत्या पान्याने उघडणार, हे प्रश्न कधी निघतच नाहीत. ‘ग्रामीण तंत्रज्ञान’ म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टींवर बोललं जातं: प्रयोगशाळेतलं संशोधन, नाहीतर बाहेरून आणलेलं यंत्र. मधली पायरी, म्हणजे डिझाइन, कुणाच्या खात्यात नाही.

म्हणून उदाहरण म्हणून इंडिया मार्क-२ हापसा घ्यायचं ठरवलंय. प्रत्येक मुलाने तो हापसलेला असतो. त्यात नवीन विज्ञान काहीच नाही, तरी तो टिकला आणि त्याच्या आधीचे टिकले नाहीत. नेमकं काय बदललं? आकडे घेऊन दाखवता येईल असं काही असेल तर सांगा. ‘मजबूत बनवला’ एवढ्यावर वर्गात भागत नाही.

कातारी
चांगला विषय निवडलात. सुरुवात पंपापासून नको, वापरापासून करा.

आधीचे ओतीव लोखंडाचे पंप हे युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांवरच्या पंपांच्या नकला होत्या. एका घराने दिवसाला २०० लिटर पाणी काढायचं, एवढाच त्यांचा हिशेब. दांड्याच्या एका फेऱ्याला साधारण ०.४ लिटर धरलं तर दिवसाला ५०० फेरे, वर्षाला १.८ लाख. तोच पंप आपल्याकडे गावाच्या मध्यभागी बसला. मिनिटाला ४० फेरे आणि दिवसाला ८ तास धरा: दिवसाचे १९,२००, वर्षाचे जवळपास ७० लाख. म्हणजे चाळीसपट काम. घरगुती पंपाची वीस वर्षं गावात सहा महिन्यांत संपतात. १९७०च्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा बसवलेल्यांपैकी बहुतांश हापसे बंद सापडले, त्यात नवल नव्हतं. दोष गावकऱ्यांच्या ‘निष्काळजीपणा’वर ढकलणं मात्र सोपं होतं.

आता जुना पंप मोडायचा कुठे ते बघा. दांडा, खुंटी आणि रॉड (दांड्यापासून खाली बोअरमधल्या पिस्टनपर्यंत जाणारी सळई) यांच्या सांध्यात बेअरिंग नव्हतं. लोखंडी पिन ओतीव लोखंडाच्या भोकात फिरायची, भोक लंबगोल व्हायचं, मग प्रत्येक फेऱ्याला ठोका बसायचा आणि एक दिवस दांडा तडकायचा. ओतीव लोखंडाला गावातला वेल्डर हात लावत नाही.

दुसरी गोष्ट भूमितीची. दांड्याच्या आखूड बाहूचं टोक वर्तुळात फिरतं, रॉडला मात्र सरळ उभं चालायचं असतं. बाहू १२५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची एका फेऱ्यातली उभी चाल) १२५ मिमी धरा. मधल्या स्थितीपासून दोन्हीकडे ३० अंश होतात, आणि टोक आडवं सरकतं १२५ × (१ − कोज्या ३०°), म्हणजे जवळजवळ १७ मिमी. हे आडवं ओढणं प्रत्येक फेऱ्याला रॉडच्या वरच्या आट्यावर येतं. रॉड तिथेच तुटायचा.

यावरचा उपाय महाराष्ट्रातच निघाला. जालना आणि सोलापूर इथे मिशनऱ्यांच्या विहीर-कामातून जे पोलादी पंप तयार झाले, त्यातल्या सोलापूर पंपात दांड्याच्या मागच्या टोकाला कमान बसवली, तिच्यावरून साखळी सोडली आणि साखळीला रॉड टांगला. कमानीवरून सुटणारी साखळी नेहमी एकाच उभ्या रेषेत राहते, त्यामुळे ते १७ मिमी शून्य होतात. दांड्याच्या आसाला बंद बॉल बेअरिंग दिलं. याच कल्पनेवर युनिसेफ, केंद्र सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीचा मद्रासचा कारखाना यांनी मार्क-२ उभा केला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्पादन सुरू झालं, मग आयएस ९३०१ हे मानक आलं. रेखाचित्रं खुली होती, त्यामुळे कुणीही बनवू शकत होता. त्याचे फायदे आणि तोटे दोन्ही झाले, त्यावर खाली कुणीतरी लिहीलच.

साखळीचा एक तोटा वर्गात जरूर सांगा, कारण मुलांना फक्त यश दाखवलं की डिझाइन म्हणजे जादू वाटते. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दांडा वर गेला की पिस्टन खाली जायला हवा, तो फक्त रॉडच्या वजनाने जातो. १२ मिमी रॉड मीटरला ०.८९ किलो. ३० मीटरला साडेसव्वीस किलो होतात, ते पुरतं. १५ मीटरला तेरा किलो, आणि वायसर (पिस्टनभोवतीच्या, पाणी गळू न देणाऱ्या वाट्या) नवे-घट्ट असतील तर पिस्टन अडकतो, साखळी ढिली पडून घडी घालते, मग झटका. म्हणून उथळ बसवणीत साखळीऐवजी ताठ दुवा वापरतात.

आणि इथेच एक छान कोडं आहे. रॉडवरचा ताण काढायला लावा: ३० मीटर पाणीपातळीला भार ११८ किलोच्या आसपास, छेद ११३ चौ. मिमी, ताण अवघा १० न्यूटन प्रति चौ. मिमी. हुशार मुलगा लगेच म्हणेल, ६ मिमी रॉड पुरे, पैसे वाचतील. वाचतील, पण ६ मिमीचा रॉड ३० मीटरला पावणेसात किलोच भरतो, पिस्टन खाली जाणारच नाही. शिवाय गंज चढायला मांस उरत नाही. इथे वजन हेच रॉडचं काम आहे. डेटाबुकातल्या कुठल्याच सूत्रात ते नाही.

भूजल
कातारींच्या ११८ किलोचा हिशेब पूर्ण करतो, कारण मुलं इथे हमखास चुकतात.

सिलिंडरचा (बोअरमधल्या ज्या नळकांड्यात पिस्टन चालतो त्याचा) आतला व्यास ६३.५ मिमी, क्षेत्रफळ ३१.७ चौ. सेंमी. पाण्याचा भार काढताना उंची धरायची ती विंधन विहिरीतल्या पाणीपातळीपासून तोटीपर्यंत, सिलिंडरपासून नाही. सिलिंडर पातळीच्या खाली कितीही असला तरी तेवढं पाणी खालूनही दाब देतंच. पातळी ३० मीटर असेल तर ९५ किलो. त्यात पाण्यात बुडालेल्या रॉडचं वजन साधारण २३. झाले ११८. दांड्याचा यांत्रिक फायदा ८, म्हणजे हाताला १४-१५ किलो, त्यातून भरीव दांड्याच्या स्वतःच्या वजनाची मदत वजा. दांडा पोकळ नळीचा का नाही, याचं उत्तर हेच. तो प्रतिभार आहे.

पुढे शक्ती काढायला लावा. फेऱ्याला ०.३९६ लिटर, ४० फेऱ्यांना १५.८ लिटर. ३० मीटरवरून मिनिटाला एवढं उचलायचं तर ७७ वॅट, घर्षण सोडून. धडधाकट माणूस सलग काम करताना देऊ शकतो ते साधारण ७५ वॅट. ४५ मीटरला तेच ११६ वॅट होतात. म्हणून खोल हापशावर बायका दर दहा-बारा फेऱ्यांनी हात बदलताना दिसतात, पोरं दांड्याला लोंबकळतात. मार्क-२ची मर्यादा ४५-५० मीटर आहे ती रॉडच्या मजबुतीने ठरलेली नाही. ती माणसाच्या खांद्याने ठरलेली आहे.

आता बसवणी. डिझाइन कागदावर कितीही चांगलं असो, ते इथे वाया जातं.

दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत असतं. ६० मीटरचं बोअर घेतलं म्हणून ६० मीटर पाणी नसतं. हापसायला सुरुवात केली की पातळी उतरते. सिलिंडर उन्हाळ्यातल्या उतरलेल्या पातळीखाली हवा. पावसाळ्यानंतर बसवलेला हापसा एप्रिलमध्ये ‘नादुरुस्त’ होतो तो बहुधा नादुरुस्त नसतोच, सिलिंडर कोरडा पडलेला असतो. दोन पाइप आणि दोन रॉड वाढवले की चालतो.

३२ मिमीचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप ३-३ मीटरचे. आटे तारेच्या ब्रशने साफ करून सफेदा आणि धागा लावायचा, सॉकेटमध्ये दोन्ही पाइप सारखे घुसले पाहिजेत. सगळ्यात नाजूक काम शेवटचा रॉड कापण्याचं. पिस्टन तळाला टेकेपर्यंत रॉड खाली सोडायचा, पंपाच्या पाण्याच्या टाकीच्या (तोटी असलेल्या भागाच्या) वरच्या फ्लॅंजच्या पातळीला खूण करायची, रॉड वर उचलून पकडीत धरून खुणेवर कापायचा आणि एम१२चा आटा पाडायचा. कापलेला किस पाइपात पडू नये म्हणून तोंडाला फडकं. रॉड लांब राहिला तर पिस्टन प्रत्येक फेऱ्याला तळाला आदळतो, दांड्यात ‘ठक्’ असा आवाज येतो, महिनाभरात पायझडप (सिलिंडरच्या तळाची झडप) गेली समजा. आखूड झाला तर वर आदळतो.

चबुतरा साधारण १.८५ मीटर व्यासाचा, १:२:४ काँक्रीट, आठवडाभर पाणी मारायचं आणि तोपर्यंत हापसायचं नाही. हे शेवटचं कुणी पाळत नाही. पहिल्याच दिवशी नारळ फोडून हापसायला सुरुवात होते, पाय काँक्रीटमध्ये सैल होतात आणि पंप जन्मभर डुलत राहतो. त्या फटीतून सांडपाणी थेट बोअरमध्ये. मार्क-२मध्ये दांड्याचा जोर केसिंग पाइपवर (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या बाहेरच्या पाइपवर) न येता तीन पायांतून काँक्रीटमध्ये जावा अशी रचना आहे. काँक्रीटच कच्चं राहिलं तर त्या रचनेला अर्थ उरत नाही.

मोजपट्टी
दोघांनाही मनापासून धन्यवाद. कोडं वर्गात नक्की टाकणार.

एक शंका. मार्क-३ दुरुस्तीला सोपा आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग आजही बहुतेक ठिकाणी मार्क-२च का दिसतो?

नटबोल्ट
कारण सोपेपणा फुकट येत नाही, तो वजनात मोजावा लागतो.

मार्क-२मध्ये सिलिंडरचा व्यास ६३.५ मिमी आणि वरचा पाइप ३२ मिमी. त्यामुळे नुसता वायसर बदलायचा तरी सगळे पाइप वर काढावे लागतात. ३० मीटरला १० पाइप, प्रत्येकी ९.३ किलो, आत अडकलेलं पाणी आणखी २५-३० किलो, शिवाय रॉड. तिकाटणं, पाइप-क्लॅम्प, उचलायचे पाने आणि चार माणसं लागतात. हे सगळं गावात नसतं, म्हणून पंचायत समितीच्या पथकाची गाडी. चामड्याचे वायसर होते तेव्हा तर एका स्वस्तातल्या चामड्याच्या वाटीसाठी गाडी! चामडं सुकलं की आकसतं, भिजलं की फुगतं, दर्जा गाईगणिक वेगळा.

१९८०च्या दशकात कोइमतूर भागात जागतिक बँक आणि यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या) प्रकल्पात याच पंपांच्या प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. दोन बदल पुढे आले. पहिला, चामड्याऐवजी नायट्राइल रबराचे वायसर. हा बदल इतका साधा की मार्क-२मध्येही तसाच बसतो, आणि माझ्या मते पैशाच्या हिशेबात सगळ्यात मोठा फायदा यानेच दिला. दुसरा, ६५ मिमीचा पाइप आणि वरून उघडा सिलिंडर, म्हणजे पाइप न हलवता पिस्टन आणि पायझडप रॉडबरोबर वर ओढून काढता येते. हाच मार्क-३, आयएस १३०५६. दोन माणसं आणि मोजकी हत्यारं पुरतात.

आता वजन. ६५ मिमीचा मध्यम जाडीचा पाइप मीटरला साडेसहा किलो, एक तुकडा साडेएकोणीस. ३० मीटरला १९५ किलो, मार्क-२च्या दुपटीहून जास्त. पहिल्यांदा उतरवताना ते जड, महाग, आणि पाइपच सडला तर काढताना आणखी जड. म्हणून तो ३० मीटरच्या आतच शोभतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात पातळी त्याखाली गेली की पर्याय संपला. खरेदी करणाऱ्याला पहिली किंमत दिसते, पंधरा वर्षांच्या गाडीफेऱ्या दुसऱ्याच खात्यातून जातात. त्यामुळे कागदावरच्या तुलनेत मार्क-२च जिंकतो.

आफ्रिकेत मलावी-केनियाच्या बाजूला विकसित झालेल्या आफ्रिडेव्ह पंपात वेगळी वाट काढली: पीव्हीसी पाइप, हुकाने अडकणारे रॉड, प्लास्टिकची बेअरिंग, एकाच पान्यात उघडणारा पंप. प्लास्टिकची बेअरिंग लवकर झिजतात हे आधीच मान्य केलं, पण बदलायला दहा मिनिटं. मार्क-२चं बॉल बेअरिंग वर्षानुवर्षं जातं, पण गेलं की कार्यशाळेतल्या दाबयंत्राशिवाय बसत नाही. कोणता बरोबर? कार्यशाळा किती किलोमीटरवर आहे यावर ते ठरतं.

जांभा
पाइप सडण्याचा मुद्दा जरा लांबवतो. मार्क-२ची रेखाचित्रं जगभर गेली, पण खडक बरोबर गेला नाही. बेसाल्टमधलं पाणी बहुधा अल्कधर्मी, त्यात जस्ताचा मुलामा टिकतो. जांभ्या खडकातलं पाणी पुष्कळदा किंचित आम्लधर्मी. सामू (पीएच) ६.५च्या खाली गेला की जस्त उतरतं, मग लोखंड. पश्चिम आफ्रिकेत अशा पाण्यात हापशाला लाल, गढूळ, लोखंडाच्या चवीचं पाणी येऊ लागलं आणि पंप धडधाकट असताना बायका परत ओढ्यावर गेल्या. युगांडात याच पंपाच्या यू-२, यू-३ आवृत्त्या निघाल्या, पुढे पीव्हीसी पाइप आणि स्टेनलेस रॉडवाली यू-३एम आली.

खूण सोपी आहे. पहाटेचं पहिलं पाणी लाल आणि शंभर-दीडशे लिटर काढल्यावर स्वच्छ, तर लोखंड पाइपाचं. कितीही काढलं तरी लालच, तर भूजलातलंच. आणि अर्धे स्टेनलेस, अर्धे जीआय असा जुगाड करू नका. सांध्यालगतचं जस्त आधी खाल्लं जातं.

शेरेबाज
सगळं ठीक. पण डिझाइनला जरा जास्तच श्रेय देताय. हापसा मरतो तो निविदेत. सगळ्यात कमी दराच्या पुरवठादाराकडून घेतलेला ‘मार्क-२’ हा फक्त दिसायला मार्क-२ असतो. चित्र तेच, रंग तोच, शिक्काही असतो.

कातारी
@शेरेबाज, हे डिझाइनच्या विरोधात जात नाही, उलट त्याच्याच पोटात बसतं. मिलिमीटरच्या मर्यादा आणि तपासणीची पद्धत लिहिलेली नसेल तर ते रेखाचित्र नसून नुसतं चित्र आहे. सुरुवातीच्या काळात जिग (काम नेमक्या जागी धरणारे साचे), गेज (माप तपासायची साधनं) आणि तिऱ्हाईत तपासणी यांवर भर होता, म्हणून एका कारखान्याचा दांडा दुसऱ्याच्या पंपाच्या डोक्यावर बसायचा. तपासणी सैल झाली की तेच रेखाचित्र कुचकामी.

दोन ठिकाणी चोरी होते, दोन्ही वर्गात दाखवता येतील.

पाइप: ३२ मिमीचा मध्यम जाडीचा पाइप ३.२ मिमी भिंतीचा, ३ मीटरचा तुकडा ९.३ किलो. हलका पाइप २.६ मिमी, तुकडा साधारण ७.६ किलो. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच, डोळ्याला कळत नाही, काट्यावर लगेच कळतं. फरक अठरा टक्क्यांचा वाटतो, पण आट्याची खोली दीड मिमी. आट्याखाली उरतं मध्यम पाइपात १.७ आणि हलक्यात १.१ मिमी. म्हणजे जिथे तुटतो तिथे मांस पस्तीस टक्क्यांनी कमी. सगळी माळ बोअरमध्ये पडते ती याच आट्यावरून.

बेअरिंग: दांड्यात ६२०४ क्रमांकाची दोन बॉल बेअरिंग बसतात, आतला व्यास २०, बाहेरचा ४७. दोघांवर मिळून भार सव्वा किलोन्यूटन आणि एकेकाची गतिक क्षमता (आयुष्याच्या सूत्रात घालायचा भार) साडेबारा किलोन्यूटनच्या वर. आयुष्य काढायला लावलंत तर उत्तर हास्यास्पद मोठं येतं. मग बेअरिंग जातं कशाने? घर (बेअरिंग बसायचं भोक) ४७.०५ला बोअर केलेलं असतं, बाहेरची कडी घरातच फिरायला लागते. नाहीतर कुणीतरी आतल्या कडीवर हातोडा मारून बसवलेलं असतं, मार गोळ्यांतून जातो आणि कडीवर खळगे पडतात. नाहीतर आसाचा नट ढिला राहतो. आयुष्याचं सूत्र या तिन्हींपैकी एकही पकडत नाही. घराला एन७ (घट्ट बसवणीची प्रमाणित) मर्यादा देऊन मुलांना काढायला सांगा: ४६.९६७ ते ४६.९९२. मग गावातल्या लेथवर ती मिळते का ते करून बघू द्या. सहनशीलता (टॉलरन्स) हा धडा त्या दिवशी कळेल.

मोजपट्टी
आता सत्राचा प्रकल्प सुचवा. चार मुलांचा गट, दहा आठवडे, पैसे जवळपास शून्य.

भूजल
गावातला एक चालू हापसा घ्या, ग्रामपंचायतीला सांगून. काही उघडायचं नाही.

तोटीखाली मोजलेली बादली, सारख्या लयीत पूर्ण ४० फेरे, पाणी मोजा. अपेक्षित १५.८. चौदा-पंधरा आलं तर उत्तम, दहाच्या खाली आलं तर वायसर गेलेत. मग अर्धा तास कुणालाही हात लावू देऊ नका आणि पाणी यायला किती फेरे लागतात ते मोजा. पाचाहून जास्त लागले तर पायझडप किंवा एखादा पाइपाचा सांधा गळतोय. दोन्ही चाचण्या एकत्र वाचायच्या: पहिली चांगली, दुसरी वाईट असेल तर वायसरला हात लावायचा नाही. दांडा हलका लागतोय आणि पाणीच नाही, तर रॉड सुटलाय किंवा पातळी उतरलीय.

नंतर दांड्याच्या टोकाला ताणकाटा लावून सावकाश खाली ओढा, किलो नोंदवा. भूजल यंत्रणेच्या जवळच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदीवरून त्या महिन्याची पातळी अंदाजे मिळते. वरच्या हिशेबाने यायला हवं ते बळ काढा. मोजलेलं चार-पाच किलोने जास्त आलं तर घर्षण शोधा: साखळीला ग्रीस आहे का, रॉड टाकीच्या वरच्या बुशला घासतोय का. हे महिन्यातून एकदा, तीन महिने. जानेवारी ते मार्च घेतलंत तर पातळी उतरत जाताना बळ वाढत गेलेलं आलेखात दिसेल.

नटबोल्ट
याला जोड म्हणून पंचायत समितीच्या भांडारात पडलेले निकामी दांडे मागा. भंगारच आहे, लेखी अर्जावर बघायला तरी देतात. घरांचा व्यास टेलिस्कोपिक गेजने दोन दिशांना मोजा, कमानीवर साखळी कुठे झिजलीय त्याचं छायाचित्र घ्या, वेल्ड कुठे तडकलाय ते टिपा. वीस दांडे मिळाले तर बिघाडाचं वर्गीकरण होतं आणि मूळ रेखाचित्रातली कोणती एक मिती बदलावी यावर मुलांना वाद घालता येतो. मी पैज लावायला तयार आहे, निम्मे गट दांडा जाड करायला सांगतील. त्यांना परत भूजल यांच्या प्रतिभाराच्या हिशेबाकडे पाठवा.

मोजपट्टी
अर्ज आजच लिहितोय. टेलिस्कोपिक गेज कपाटात आहे, किल्ली तेवढी शोधावी लागेल.